प्रेशर गेलं नाही, तेल कुठंतरी जातंय

पंप प्रेशर बनवतो, असं मी बरीच वर्षं मानत होतो. जळगावच्या एमआयडीसीत आणि धुळ्याच्या अवधान भागात फोर्कलिफ्टची कामं करणारे बहुतेक जण आजही तेच मानतात. काटे ओझं उचलेनासे झाले की ‘प्रेशर गेलं’ म्हणायचं. प्रेशर पंप बनवतो, म्हणून पंपाकडं वळायचं. पंप नवा असेल तर दाब फार वाढल्यावर तेल सोडून देणाऱ्या रिलीफ वॉल्व्हचा स्क्रू थोडा आवळून बघायचा. या समजुतीवर माझं काम चाललं, आणि चांगलं चाललं. पंप बदलल्यावर पुष्कळ गाड्या खरोखरच उचलायला लागायच्या. मालक समाधानी, ड्रायव्हर समाधानी, मीही समाधानी. म्हणूनच मत बदलायला एवढा काळ लागला.

आता मी असं मानतो की पंप प्रेशर बनवत नाही. पंप तेल ढकलतो, एवढंच त्याचं काम. प्रेशर तयार होतं ते काट्यांवरच्या ओझ्यामुळे. ढकललेल्या तेलाला समोरून अडवणारं काही नसेल, तर सर्वांत उत्तम पंप लावूनही गेजचा काटा वर चढत नाही. आणि अडवणारं असूनही तेलाला बाजूने निसटायला वाट मिळाली, तरीही चढत नाही. म्हणून ‘प्रेशर गेलं’ ही तक्रार कानावर आली की ‘पंप कसा आहे?’ हे मी आधी विचारत नाही. ‘ढकललेलं तेल कुठं जातंय?’ हे विचारतो. एवढ्याशा फरकाने काय होतं, असं कुणालाही वाटेल. कारखान्यात हा फरक एका नव्या पंपाच्या किमतीएवढा असतो, आणि कधी कधी माणसाच्या हाताएवढा.

आमच्या खान्देशाला, म्हणजे जळगाव-धुळ्याच्या या भागाला, हायड्रॉलिक नवं नाही. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, इथल्या कापसाला भाव आला, रेल्वेही त्याच सुमारास इकडं पोहोचली, आणि पुढं या भागात सरकी काढणारे जिन आणि प्रेस उभे राहत गेले. रुई दाबून तिची गाठ बांधणारा प्रेस आणि फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे काटे वर नेणारा उभा सांगाडा, यांच्यामागचं शास्त्र एकच. बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोहोचतो, हे पास्कलने लिहून ठेवलं. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापलं गेलं. त्यावरून चालणारा प्रेस जोसेफ ब्रामाने इंग्लंडमध्ये केला, त्याचं पेटंट 1795 चं. मधल्या सव्वाशेहून जास्त वर्षांत शास्त्र माहीत होतं, पण त्यावर चालणारा कामाचा प्रेस नव्हता. ब्रामाचं घोडंही अडलं ते गळतीवरच. रॅमच्या भोवतीने पाणी निसटायचं आणि दाब टिकायचा नाही. उपाय निघाला तो चामड्याच्या वाटीसारख्या वॉशरचा. दाब वाढला की त्या वॉशरचा ओठ स्वतःच रॅमला जास्त घट्ट चिकटतो. त्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेला दिलं जातं. आज सिलिंडरच्या तोंडाशी आपण रबराचं जे यू-सील बसवतो, ते त्याच वॉशरच्या वंशातलं. म्हणजे या विद्येत पहिल्या दिवसापासून मुख्य अडचण दाब निर्माण करण्याची नव्हतीच, द्रव निसटू न देण्याची होती. हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

मला स्वतःला हे पटलं ते आकडेमोडीने, म्हणून तीच इथं मांडतो.

तीन टनांची डिझेल फोर्कलिफ्ट घ्या. काटे, कॅरेज आणि मास्टचा हलणारा भाग मिळून आणखी सहाशे किलो धरू. एकूण 3600 किलो. काटे साखळीवर लटकलेले असतात, त्यामुळे सिलिंडर दीड मीटर वर गेला की काटे तीन मीटर जातात. त्या बदल्यात सिलिंडरवर ढोबळमानाने दुप्पट भार येतो, 7200 किलो. दोन सिलिंडर, प्रत्येकाचा रॅम 56 मिलिमीटरचा, तर दोघांचं मिळून क्षेत्रफळ साधारण 49 चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की एका चौरस सेंटिमीटरवर 146 किलो, म्हणजे जवळजवळ 143 बार. काटे रिकामे असतील तर हाच आकडा 24 बारच्या आसपास येतो. पंप तोच, इंजिनाचे फेरेही तेच, आणि प्रेशर सहापट कमी! प्रेशर पंपाचं असतं तर असं झालं असतं का?

आता पुढचा भाग. हे दोन सिलिंडर दीड मीटर वर ढकलायला सुमारे 7.4 लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 60 लिटर देत असेल तर साडेसात सेकंदांत काटे वर पोहोचायला हवेत. समजा पूर्ण ओझ्यासह बारा सेकंद लागले. याचा अर्थ सिलिंडरपर्यंत मिनिटाला 37 लिटरच पोहोचतंय. उरलेलं 23 लिटर कुठंतरी आतल्या आत वळसा घालून परत टाकीत पडतंय. बाहेर जमिनीवर एक थेंब नाही, आणि मिनिटाला 23 लिटर गळती! आणि हे निसटणारं तेल 143 बारवरून शून्यावर उतरताना कोणतंही काम करत नाही, फक्त तापतं. त्या उष्णतेचा हिशोब साडेपाच किलोवॉटचा येतो, म्हणजे साधारण साडेसात हॉर्सपॉवर. आपल्याकडं विहिरीवर बसवतात तेवढी मोटर, आणि काटे वर चढत असतात तोवर तिची सगळी ताकद तेल तापवण्यात खर्च होते. हा हिशोब कागदावर केला त्या दिवसापासून ‘प्रेशर गेलं’ हे शब्द मी कामाच्या डायरीत लिहिणं बंद केलं. आता ‘ओझ्यासह वर जायला इतके सेकंद’ असं लिहितो.

जळगावच्या माणसाला हे कळायला खरं तर फोर्कलिफ्टची गरज नाही. भवरलालजी जैन यांच्या उद्योगामुळं ठिबकच्या नळ्या इथल्या शेताशेतांत पोहोचल्या. केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला पाणी मिळत नसेल तर रावेर-यावलचा शेतकरी मोटर बदलायला जात नाही. आधी फिल्टर उघडून धुतो. मग लॅटरलच्या कडेने चालत जातो आणि नळी कुठं फुटलीय, कुठं उंदराने कुरतडलीय ते शोधतो. मोटर हा त्याचा शेवटचा संशय असतो, कारण तिला सर्वांत जास्त पैसे लागतात. तोच शेतकरी किंवा त्याचा मुलगा एमआयडीसीत मेंटेनन्सला लागला की पहिला संशय पंपावर घेतो. मीही शेतकऱ्याच्याच घरचा. शेतात मला जे उमगत होतं, ते शेडमध्ये उमगायला एक जिनिंग लागलं.

धुळे जिल्ह्यातलं ते जिन. हंगाम संपत आला होता, मार्चअखेर. गाठी हलवायची फोर्कलिफ्ट दुपारनंतर बसायची. आदल्याच वर्षी तिला नवा पंप बसवलेला. शेठचा आग्रह होता की पंप नकली निघाला असणार, दुसरा मागवा. गाडीवरचे ड्रायव्हर वयाने मोठे, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. ते म्हणाले, “भाऊ, सकाय चांगली चालस. दुपार व्हयनी का उचलत नही.” मी त्याआधीही ड्रायव्हरांकडून अशी वाक्यं ऐकली होती आणि मान डोलावून पुढं गेलो होतो. त्या दिवशी मात्र बसून विचार केला. सकाळी चालतो आणि दुपारी चालत नाही, असा पंप मोडका कसा असेल? सकाळ आणि दुपार यांत पंप बदलत नाही. बदलतं ते तेल.

हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर जो 46 किंवा 68 नंबर असतो, तो 40 अंश सेल्सिअसला तेल किती दाट आहे ते सांगतो. साधं 46 नंबरचं तेल 80 अंशांना पोहोचलं की त्याचा दाटपणा जवळजवळ चौथाईवर येतो. खान्देशात मे महिन्यात सावलीतला पारा 45 च्या पुढं जातो. पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. चालत्या गाडीचं तेल बाहेरच्या हवेपेक्षा तीस-चाळीस अंश जास्त तापणं काही विशेष नाही. म्हणजे 80 अंश ही आपल्याकडं उन्हाळ्यातल्या कुठल्याही दुपारची गोष्ट आहे. पातळ झालेलं तेल बारीक फटीतून त्याच प्रमाणात जास्त निसटतं. दाटपणा चौथाई, तर त्याच दाबाला गळती चौपट. फटीचा हिशोब तर आणखी कठोर आहे. फट दुप्पट झाली तर गळती आठपट होते. गिअर पंपात आणि कंट्रोल ब्लॉकच्या स्पूलभोवती या फटी मुळात केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पट कमी असतात, त्यामुळे त्या दुप्पट व्हायला फार मोठी झीज लागत नाही. धुळीचे कण पुरे होतात.

त्या जिनमध्ये सकाळी थंड गाडीवर ठरावीक गाठी घेऊन काटे वर जायला किती सेकंद लागतात ते मोजलं आणि दुपारी त्याच गाठी घेऊन पुन्हा मोजलं. दुपारचा वेळ सकाळच्या दीडपटीहून जास्त होता. गेज लावलं, मास्टचा टिल्ट पूर्ण मागं नेऊन लिव्हर क्षणभर धरून ठेवला. काटा हवा त्याच्या खूप खाली थांबला. म्हणजे तेल निसटत होतं ते सिलिंडरपाशी नाही, त्याच्या आधीच. मग तापमान मोजायची बंदूक घेऊन एकेक जागा बघितली. पंपाच्या अंगापेक्षा कंट्रोल ब्लॉकचा रिलीफ वॉल्व्हजवळचा भाग स्पष्टपणे जास्त गरम होता. निसटणारं तेल जिथून जातं तिथंच जास्त तापवतं, हा आधीचा हिशोब इथं बोटाने दाखवावा तसा दिसला. वॉल्व्ह उघडला तर त्याच्या सीटवर बारीक कचरा अडकून ओरखडा पडलेला. स्क्रूवर पान्याच्या खुणा होत्या. आधी कुणीतरी तो आवळून काम भागवलं होतं. टाकीचा ब्रीदर गायब होता आणि त्याच्या जागी कापडाचा बोळा कोंबलेला. जिनच्या शेडमध्ये हवेत रुईचं तूस उडत असतं. काटे वर-खाली होतात तसं टाकीतलं तेल खाली-वर होतं आणि टाकी श्वास घेते. दर श्वासाला तूस आणि धूळ आत. रेडिएटरवर तुसाची गादी बसलेली, त्यामुळे सगळी गाडीच तापलेली.

पंप बदलला नाही. वॉल्व्ह नवा बसवला, टाकी धुतली, स्ट्रेनर बदलला, ब्रीदर लावला, रेडिएटर साफ केला, तेल 68 नंबरचं भरलं. त्या गाडीच्या पुस्तिकेत उष्ण हवामानासाठी ते चालतं असं दिलेलं होतं. आप्पांना म्हटलं, आता दुपारी बोलवा. त्यांनी बोलावलं नाही.

त्यानंतर मला एक जुनं कोडं उलगडलं, आणि माझं मत पूर्ण फिरलं ते इथं. पूर्वी पंप बदलल्यावर गाड्या बऱ्या का व्हायच्या? पंप बदलायचा तर तेल काढावं लागतं. तेल काढलं की टाकी पुसली जाते, स्ट्रेनर निघतो, तो धुतला किंवा बदलला जातो. सक्शनची नळी काढून नवा क्लॅम्प लावला जातो, म्हणजे तिथून हवा शिरत असेल तर ती थांबते. शेवटी ताजं तेल भरलं जातं. ही सगळी कामं पंपाच्या नावावर जमा व्हायची. काही गाड्यांत पंप खरंच झिजलेला असायचा, तो बदलायलाच हवा होता. पण बाकीच्या अनेक गाड्या स्वच्छ तेलाने आणि घट्ट क्लॅम्पने बऱ्या झाल्या आणि बिल मात्र पंपाचं झालं. ज्या टाकीत धूळ येतच राहिली तिथं नवा पंपही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत झिजायचा, आणि मग ‘आजकाल पंप टिकत नाहीत’ असं आम्ही सगळे मिळून म्हणायचो.

आता मी कुठल्याही गाडीपाशी गेलो की आधी ड्रायव्हरला विचारतो, आणि उत्तर लिहून घेतो. एकट्या काट्यांनाच त्रास आहे की टिल्ट आणि स्टिअरिंगही जड झालंय? अनेक गाड्यांत स्टिअरिंगलाही त्याच पंपाचं तेल जातं. सगळंच मंद असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या वाटेवर, म्हणजे टाकी, तेलाची पातळी, सक्शन किंवा पंप यांच्यात. टिल्ट जोरात आहे आणि फक्त काटे उचलत नाहीत, तर पंप आणि त्याच्या मागचं सगळं ठीक आहे, पुढं बघायचं. लिव्हर ओढल्यावर इंजिन दबतं का? दबत असेल तर पंप तेल ढकलतोय आणि ते कुठंतरी जोर लावतंय. दबतच नसेल तर तेल सुटं वाहतंय किंवा येतच नाही. सकाळी थंडीत त्रास आणि नंतर बरं, असं असेल तर मी सक्शनकडं वळतो: दाट तेल, बुजलेला स्ट्रेनर, आत चिकटलेली नळी. पंप कर्कश ओरडत असेल आणि डिपस्टिकवर फेस असेल तर हवा शिरतेय. तेल दुधासारखं दिसत असेल तर पाणी गेलंय. पावसाळ्यात किंवा गाडी जोराच्या पाण्याने धुतल्यावर हे होतं. यातल्या कशालाही महागडी अवजारं लागत नाहीत. बहुतेक उत्तरं ड्रायव्हरकडं आधीपासून असतात, कारण दिवसाचे आठ तास तो त्या लिव्हरवर हात ठेवून असतो.

काटे वर ठेवले की हळूहळू खाली सरकतात, ही दुसरी नेहमीची तक्रार. इथंही पूर्वी मी सरळ सिलिंडरचं सील किट मागवायचो. आता आधी बघतो की सिलिंडरच्या तोंडाशी ओल आहे का. साध्या रॅमच्या सिलिंडरमधून तेल निसटलं तर ते बाहेरच दिसणार. बाहेर कोरडं ठणठणीत असेल आणि काटे तरीही उतरत असतील, तर तेल कंट्रोल ब्लॉकच्या स्पूलमधून परत जातंय, आणि सील किट बदलून काहीच साधत नाही. किती सरकणं चालतं यालाही माप आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 3691 प्रमाणे पूर्ण ओझ्यासह, तेल कामाच्या तापमानाला असताना, दहा मिनिटांत 100 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. खडूने मास्टवर खूण करायची आणि घड्याळ बघायचं. मालकाशी वाद घालण्यापेक्षा ही खडूची रेघ जास्त कामाची ठरते.

रिलीफ वॉल्व्हच्या स्क्रूबद्दल मला सर्वांत आग्रहाने बोलायचं आहे. त्या स्क्रूला ‘प्रेशर वाढवायचा स्क्रू’ म्हणतात, आणि दोन आटे आवळले की गाडी काही दिवस उचलते हेही खरं. पण तो वॉल्व्ह तिथं पहारेकरी म्हणून बसवलेला असतो. गाडीच्या पाटीवर लिहिलेल्या वजनापेक्षा थोडं जास्त ओझं आलं की त्याने उघडून तेल सोडून द्यावं, म्हणजे काटे वर जाणारच नाहीत, अशी ती व्यवस्था आहे. फोर्कलिफ्ट मागच्या वजनावर तोललेली असते. तीन टनांची गाडी तीन टन उचलते ते ओझ्याचा मध्य काट्याच्या टाचेपासून ठरलेल्या अंतरावर, बहुधा 500 मिलिमीटरवर असेल तरच. स्क्रू आवळून तिला चार टन उचलायला लावलं तर मागची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सुटतं आणि गाडी पुढं कलंडते. जुन्या होजना जास्त दाब सोसावा लागतो ते वेगळंच. गेज लावल्याशिवाय त्या स्क्रूला पाना लावायला मी आता ठाम नकार देतो. काही ठिकाणी यामुळं काम गेलं. जाऊ दे.

गळती शोधायला हात फिरवण्याची सवयही मी सोडली, आणि माझ्याबरोबरच्या पोरांनाही सोडायला लावली. दीडशे बार दाबाखाली होजला टाचणीएवढं भोक पडलं तर त्यातून निघणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडीतून आत शिरते. सुरुवातीला फक्त बारीक ठिपका दिसतो, दुखतही नाही, म्हणून माणूस घरी जातो. आत शिरलेलं तेल बोटातलं मांस नासवत जातं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा नळीजवळून फिरवा, धार पुठ्ठ्यावर दिसते. आणि असा ठिपका कुणाच्या हातावर दिसला तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना ‘दाबाचं तेल आत गेलंय’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. तसंच, काटे वर असताना मास्टला लाकडाचा ठोकळा किंवा साखळीचा आधार दिल्याशिवाय त्याखाली कुणी शिरायचं नाही. ते ओझं फक्त तेलाने धरून ठेवलेलं असतं, आणि तेल कुठंही जाऊ शकतं.

जुने मिस्त्री कानाने पंपाचा दोष सांगतात. त्यांच्याविषयी माझा आदर कमी झालेला नाही. आवाजावरून सक्शनची हवा ओळखायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. मला फक्त एवढंच वाटतं की कानाने जे सांगितलं ते गेजने तपासून घ्यावं. ज्यांचा कान खरा आहे त्यांना गेजही खरंच ठरवतं. आता अनेक कारखान्यांत बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट येतायत आणि काही जण म्हणतात की हे सगळं जुनं होणार. इंजिन जाईल, पण काटे तिथंही तेलावरच वर जातात. तिथं तर तेल निसटलं की बॅटरीच लवकर उतरते, आणि दोष बॅटरीला लागतो.

जळगाव-धुळ्यातल्या कारखानदारांना आणि मेंटेनन्सच्या मंडळींना माझी विनंती आहे. एक प्रेशर गेज आणि तापमान मोजायची बंदूक विकत घ्या. दोन्ही मिळून नव्या पंपाच्या किमतीच्या कितीतरी खाली येतात. प्रत्येक फोर्कलिफ्ट चांगल्या अवस्थेत असताना पूर्ण ओझ्यासह काटे वर जायला किती सेकंद लागतात ते एकदा मोजून गाडीच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवा. होळीच्या सुमारास, ऊन चढायच्या आधी, तेल, स्ट्रेनर आणि ब्रीदर बघा. आणि गाडी अडली की पंप मागवण्याआधी ड्रायव्हरला बोलवा, त्याला खुर्ची द्या, आणि तो काय सांगतो ते शेवटपर्यंत ऐका.